भावोजींचं नाक

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे मी पाहिलेले सगळ्यात भित्रे गृहस्थ. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे दोनदा बघतात आणि तरीही ताईला विचारतात, "जाऊ या का?" लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. कुत्रं दिसलं की गल्ली बदलतात, मग ते कुत्रं गाढ झोपलेलं का असेना. वय एकसष्ट, उंची दाराला डोकं लागेल एवढी, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढतात. चढलेले मी पाहिलेत. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करतेय.

आमचा कारखाना म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. इथे जहाजांच्या प्रतिकृती तयार होतात. खरं जहाज दोनशे मीटरचं असेल तर आमचं एक मीटरचं. काचेच्या पेटीत घालून कंपन्यांच्या कचेऱ्यांत, खलाशांच्या शाळांत ठेवलेलं असतं. प्लॅस्टिकचे पत्रे कापणं, शिड्या आणि कठडे चिकटवणं हे माझं काम. रंग भावोजींचा. मालकीणबाई गिऱ्हाइकं आणतात, मुदत कबूल करतात आणि ती आमच्या डोक्यावर आणून आदळतात.

भावोजींनी एनॅमल रंग जवळ केला तोही भीतीपोटीच, असं माझं मत आहे. अ‍ॅक्रिलिक पाण्यात मिसळतं, त्याला वास जवळजवळ नसतो आणि ते पंधरा मिनिटांत वाळतं. म्हणजे पंधरा मिनिटांत तुमची चूकही पक्की होते. ब्रश फिरवून झालेल्या जागी पुन्हा नेलात तर अर्धवट सुकलेला रंग ओढला जातो आणि ओरखडे उठतात. एनॅमल तेलाच्या जातीचं. थिनरने पातळ करायचं. तासन्‌तास ओलं राहतं, ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात आणि मन बदललं तर थिनरच्या बोळ्याने पुसूनही टाकता येतं.

"हा रंग माणसाला विचार करायला वेळ देतो," भावोजी म्हणायचे.

"तुम्हाला घाबरायला देतो," मी म्हणायचे. त्यांनी माझं नाव फटकळबाई ठेवलं ते काही उगाच नाही.

पण एनॅमल पुरतं वाळायलाही तसाच वेळ घेतं आणि नवखा माणूस तिथेच फसतो. दुसऱ्या दिवशी रंग बोटाला लागत नाही, म्हणून वाटतं झालं. वरून सुकलेलं असतं, आतून अजून आवळत असतं. अशा वेळी त्यावर अ‍ॅक्रिलिक चढवलं की वरचा थर चटकन कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. उलट केलं तर चालतं. खाली वाळलेलं अ‍ॅक्रिलिक आणि वर एनॅमल, काही बिघडत नाही. आमची पंचाईत अशी की जहाजाचं पोट एनॅमलचंच हवं, ती चकाकी दुसऱ्या कशाला येत नाही. आणि त्यावरचे पट्टे, आकडे, नाव अ‍ॅक्रिलिकचं हवं, कारण ते ठसठशीत आणि लवकर व्हायला हवं असतं. म्हणून खालचा रंग खरोखर वाळलाय की नाही, हे ओळखण्यावर आमचं सगळं चालतं.

ते ओळखायचं खात्रीचं साधन आमच्याकडे एकच, नाक. रंगवलेलं जहाज पुठ्ठ्याच्या खोक्यात झाकून ठेवायचं. सकाळी खोकं थोडं उघडून नाक आत घालायचं. वास आला तर रंग अजून वाळतोय, पुन्हा झाकून ठेवा. वास नाही, तर वाळला. भावोजींनी खोक्यात नाक घातलं की आम्ही बोलायचं थांबायचो. मालकीणबाई फोनवर असल्या तरी त्यावर हात ठेवायच्या. भावोजी डोळे मिटून दोनदा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे "उद्या", किंवा म्हणायचे "लाव". लिफ्टला घाबरणारा हा माणूस त्या एका गोष्टीत कधी डगमगला नाही. बारा वर्षांत त्यांचं "लाव" चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका प्रवासी बोटीचं काम आलं. काळं पोट, त्यावर पांढरा पट्टा. तिसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी खोकं उघडलं, डोळे मिटले, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाले, "लाव."

मी दोन पावलांवर उभी होते आणि मला एनॅमलचा वास आला. चांगला, नाकात शिरणारा. आता खरं सांगते, मला वाटलं हा बाजूच्या चिंध्यांचा असेल. त्यांच्यासारखा माणूस "लाव" म्हणतोय तर मी कोण? आयुष्यभर नको तिथे तोंड चालवलं आणि बोलायला हवं होतं त्या दिवशी मी गप्प बसले. अ‍ॅक्रिलिकचा पांढरा घेतला, दोन थेंब पाणी घातलं, तीन पातळ थर दिले. पट्टा झकास दिसत होता.

दोन दिवसांनी तो दुधावरची साय सुकून फाटावी तसा फाटला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालकीणबाईंनी मुदत वाढवून मागायला गिऱ्हाइकाला फोन लावला. सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं. भावोजी म्हणाले, "थिनरमध्ये भेसळ असणार." असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवू लागले. "खोकं तू बघ गं आज, माझी सर्दी आहे," हे महिन्यात चौथ्यांदा म्हणाले. शिंक मात्र एकदाही नाही. खाली छापखान्यात शाईचा डबा सांडला, सगळा जिना दरवळला, आणि हे वर येऊन विचारतात, "एवढी धावपळ कसली?" मी स्वतःची समजूत घालत होते की वय झालंय, लक्ष नसतं. समजूत पटत नव्हती.

मग तो दुपारचा प्रकार. मी डबा खाऊन जिना चढत होते. आमच्या खोलीच्या खिडक्या रंग ओला असताना बंद ठेवतो, एनॅमलवर धूळ बसली की ती तिथेच राहते. अर्ध्या जिन्यावरच थिनरचा असा भपकारा आला की माझे पाय थांबले. दार ढकललं. भावोजी टेबलाशी बसून शांतपणे ब्रश पुसत होते. थिनरची मोठी बाटली टेबलाखाली आडवी पडलेली, बूच निघालेलं, आणि सगळं थिनर वाहत जाऊन वाळवणीच्या पेटीत शिरलेलं. ही पेटी म्हणजे लाकडी खोकं, आत दोन मोठे दिवे, त्यांच्या उबेवर रंग लवकर सुकतो. पेटीत अंथरलेलं फडकं भिजून काळं झालं होतं आणि दिव्यांना चिकटलं होतं. भावोजींनी ब्रश ठेवला आणि पेटीच्या दिव्यांच्या बटणावर हात नेला.

"हात काढा," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. मी खिडक्या उघडल्या, मेन स्विच बंद केला, फडकं चिमटीत धरून बाहेर गच्चीवर टाकलं. मग मी जमिनीवरच बसले. खाली छापखान्यात सात माणसं काम करत होती. भिंतीला कागदाची रिळं लावलेली होती. मी ते सगळं मनात पेटताना बघत होते.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी वाकून रिकामी बाटली उभी केली. "डोळे चुरचुरत होते मघापासून," ते म्हणाले, "वाटलं, धूळ गेली असेल."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने. आधी कमी झाला, मग गेलाच."

"आणि सांगितलं नाहीत? ताईला तरी?"

"कुणाला सांगू? आणि काय सांगू?" आणि मग जमिनीवर माझ्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या वडिलांबद्दल एवढंच ऐकलं होतं की ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि शेवटी आजारी होते. त्यांचंही आधी नाकच गेलं होतं. दूध करपायचं, घरभर धूर व्हायचा, आणि वडील जवळच बसलेले असायचे; घरच्यांनी त्याची चेष्टा केली. दोन वर्षांनी हातातल्या स्क्रूचं नाव आठवेना. चौथ्या वर्षी एकदा भावोजी त्यांना जेवायला बोलवायला गेले, तर वडील अदबीने उठून उभे राहिले.

"मला म्हणाले, उद्या या साहेब, तुमचं घड्याळ तयार असेल." भावोजींनी हातातला ब्रश पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "मी पालीला घाबरतो म्हणून तुम्ही हसता ना? हसा. पाल मला चालेल."

मी हसले नाही. मला भीती वाटत होती. आगीची भीती वेगळी, ती खिडकी उघडली की जाते. ही जात नव्हती.

ताईला मी त्याच संध्याकाळी सांगायला लावलं. मग आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छोट्या छोट्या बाटल्या नाकाशी धरल्या आणि विचारलं, हे काय, ते काय. भावोजींनी पहिल्या तीनची उत्तरं बरोबर दिली. ताईचा चेहरा उजळला. मी मात्र त्यांना ओळखते. ते बाटलीतल्या पाण्याच्या रंगावरून सांगत होते. कॉफीचा तपकिरी, लवंगेचा पिवळसर. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्यांनी भावोजींचे डोळे मिटायला लावले, आणि मग एकही आलं नाही. ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू वास मीच चोरला होता.

डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात आज काही दिसत नाही. चाळीस वर्षं थिनर हुंगल्यावर नाक असंही जाऊ शकतं. नुसत्या वयानेही जातं. पुष्कळांचं जातं आणि पुढे काही होत नाही."

"आणि तसं नसेल तर?" भावोजींनी विचारलं.

"तर ते आज सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या."

सहा महिने. घाबरट माणसाला याहून वाईट औषध कुणी लिहून दिलं नसेल.

कारखान्यात मालकीणबाईंनी दोन गोष्टी केल्या. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि हुकूम काढला की एनॅमल फक्त जहाजाच्या पोटाला, बाकी सगळं अ‍ॅक्रिलिक. खोक्यात नाक घालायचं काम माझ्याकडे आलं. भावोजी एकसष्टाव्या वर्षी अ‍ॅक्रिलिक शिकू लागले. पातळ थर द्यायचा, ब्रश ओला ठेवायचा, गेल्या जागी परत जायचं नाही, दर दोन मिनिटांनी ब्रश पाण्यात घालायचा नाहीतर केसांच्या मुळाशी रंग दगड होतो. वाळणं लांबवायचं एक औषध मिळतं, त्याचा थेंब घालायचा. ते काम नेटकं करायचे, पण मानेवर कुणी घड्याळ धरून उभं असल्यासारखे.

घरी ताई बदलली. तीस वर्षं या माणसाच्या नावाने बोटं मोडणारी माझी बहीण एकदम गोड बोलायला लागली. चष्मा विसरले तर "असू दे". नळ चालू राहिला तर "असू दे". भावोजी एकदा माझ्याजवळ म्हणाले, "ही आता मला रागावतच नाही गं. माझी तर झोप उडते."

त्यातूनच एक वही निघाली. भावोजींनी स्वतः मिसळलेले चौसष्ट रंग आहेत. प्रत्येकाची बाटली, बाटलीवर नंबर, आणि प्रत्येक रंगाचं एक कार्ड, मागे तोच नंबर. चाळीस वर्षांत हे नंबर त्यांनी कधी बघून सांगितले नव्हते. आता रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी दहा कार्डं काढायची, रंगाची बाजू दाखवायची, त्यांनी नंबर सांगायचा. बरोबर असेल तर ते वहीत बरोबरची खूण करणार, चुकलं तर फुली मी मारायची.

"ताईला का नाही सांगत हे काम?" मी विचारलं होतं.

"ती चुकलेलंही बरोबर म्हणेल. तू तोंडावर बोलतेस."

साडेचार महिने गेले. वहीत एकही फुली नव्हती. रोज सकाळी कार्ड उलटं करताना मी श्वास रोखायचे आणि बरोबर आलं की हळूच सोडायचे. ते ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम खाकरायचे. डॉक्टरांकडे जायला सहा आठवडे राहिले होते.

त्या सकाळी सातवं कार्ड राखाडी होतं. जहाजाच्या डेकला देतात तो, बत्तीस नंबर. आम्ही सगळ्यात जास्त वापरतो तो रंग.

"तेवीस," भावोजी म्हणाले.

तेवीस म्हणजे क्रेनचा पिवळा. मी कार्डाच्या मागे बघितलं, पुन्हा बघितलं. आकडे उलटे झाले होते, एवढंच. असं कुणाचंही होतं. माझ्या स्वतःच्या फोनचा नंबर मी दहादा चुकते. हे सगळं मी एका श्वासात स्वतःला सांगून टाकलं. ते माझ्याकडे बघत होते, ब्रश कानामागे, पेन वहीवर टेकवलेलं.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी खूण केली. उरलेली तीन कार्डं झाली, तिन्ही बरोबर. मी कार्डांना रबर लावून ती कपाटात ठेवली आणि कात्रीशी काहीतरी उगाच चाळा करत बसले. एका टँकरचं डेक रंगवायचं होतं. भावोजी उठले, मांडणीपाशी गेले आणि मी जीव मुठीत धरून त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हात तेवीसवर थांबलाही नाही. सरळ बत्तीसवर गेला, बाटली घेऊन आला.

टेबलाशी येऊन ते बसले नाहीत. बाटलीचा नंबर अंगठ्याने चोळत उभे राहिले.

"मघाशी हा राखाडी मी तेवीस सांगितला," ते म्हणाले.

मी कात्री खाली ठेवली.

"आणि तू बरोबर म्हणालीस."

"भावोजी, नुसते आकडे उलटे झाले. तुम्हाला आठवलं की आता. म्हणजे सगळं ठीकच आहे, उलट..."

"चुकलो ते जाऊ दे. माणूस चुकतो." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थिनर सांडलं त्या दिवशीही तो असा नव्हता. "बाबांना आम्ही शेवटी शेवटी सगळंच बरोबर म्हणायचो. उद्या या म्हणाले की हो साहेब म्हणायचो. कधी सुरू केलं ते आठवत नाही. असंच कुणीतरी एकदा म्हणालं असेल."

मी त्यांना धीर द्यायला गेले होते आणि मी त्यांना त्यांच्या वडिलांच्या जागी नेऊन बसवलं होतं.

"म्हणजे तुलाही वाटतंय," ते म्हणाले.

खोटं एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जमेना. "वाटत नाही," मी म्हणाले. "भीती वाटते. रोज वाटते. ताईपेक्षा मला जास्त वाटते, पण मी दाखवत नाही, आज दाखवली. पुन्हा नाही करणार."

मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली, पेन वर ठेवलं. मी सातव्या ओळीतली त्यांची खूण खोडली आणि बाजूला फुली मारली. ती माशीच्या पायासारखी बारीक आली.

"मोठी काढ," भावोजी म्हणाले. "दिसायला हवी."

मी तिच्यावरच मोठी काढली आणि खाली तारीख घातली. त्यांनी ती चष्मा लावून नीट पाहिली. राखाडीची बाटली बाजूला ठेवली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आण परत. आज सगळी चौसष्ट दाखव."

मी उठून कपाटातून कार्डं काढली. रबर निघता निघेना, तेव्हा त्यांनीच माझ्या हातून गठ्ठा घेतला, रबर काढलं आणि कार्डं पुन्हा माझ्या हातात दिली.